युनिक्स प्रणालीवर मेमरीतील फाइल सिस्टिम कशी उभारावी

संगणकाच्या मुख्य मेमरीचा काही भाग फाइल सिस्टिम म्हणून वापरण्याची सोय युनिक्स कुळातील जवळजवळ प्रत्येक प्रणालीत आहे. ती उभारायला एका ओळीची कमांड पुरते, आणि म्हणूनच ती पुरेसा विचार न करता दिली जाण्याचा संभव अधिक असतो. कमांड देण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे तयार हवीत. तिथे ठेवलेल्या फाइली वीज जाताक्षणी नाहीशा झाल्या तर कोणाचे काही नुकसान होईल का, हा पहिला प्रश्न. आणि त्या फाइल सिस्टिमला जास्तीत जास्त किती मेमरी वापरू द्यायची, हा दुसरा. या लेखातील बहुतेक मजकूर दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, कारण मर्यादा चुकली तर एक डिरेक्टरी भरून थांबत नाही, संपूर्ण यंत्र अडकून पडू शकते.

कमांड, पर्याय आणि डिरेक्टरींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करावीत. जिथे मोठे अक्षर आवश्यक आहे तिथे तसे सांगितले आहे. प्रशासकीय अधिकार लागणाऱ्या कमांड रूट म्हणून किंवा सुडोच्या साहाय्याने द्याव्यात.

मेमरीत फाइली ठेवल्या की सगळेच वेगवान होते, हा समज प्रथम तपासून पाहायला हवा. आधुनिक कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, डिस्कवरून वाचलेल्या फाइली पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, धरून ठेवतो. त्यामुळे एकदा वाचलेली फाइल पुन्हा वाचताना ती बहुधा मेमरीतूनच मिळते, आणि अशा कामासाठी वेगळी फाइल सिस्टिम उभारून फारसा फरक पडत नाही. खरा लाभ लिहिण्याच्या बाजूला आहे. एखादा प्रोग्राम प्रत्येक नोंदीनंतर एफसिंक करून मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घेत असेल, तर डिस्कवर त्या प्रत्येक वेळी थांबावे लागते. मेमरीतील फाइल सिस्टिमवर एफसिंकला करण्यासारखे काही उरतच नाही. डेटाबेसच्या स्वयंचलित चाचण्या, कंपायलर निर्माण करतो त्या हजारो अल्पायुषी फाइली, एका प्रोसेसकडून दुसरीकडे जाणारा तात्पुरता मजकूर आणि एसडी कार्डासारख्या झिजणाऱ्या माध्यमावर वारंवार होणारे लेखन, ही अशा मांडणीची योग्य क्षेत्रे आहेत. आपले काम यांपैकी कशात बसत नसेल, तर आधी मोजमाप करावे आणि मगच पुढे जावे.

कोणता प्रकार निवडावा

लिनक्सवर यासाठी तीन मार्ग दिसतात, परंतु बहुतेक सर्व गरजांसाठी टीएमपीएफएस हाच योग्य मार्ग आहे. या नावाची फाइल सिस्टिम प्रथम सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएसमध्ये आली. लिनक्समध्ये क्रिस्टोफ रोलांड यांच्या कामातून ती 2.4 या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. तिची रचना समजून घेतली की पुढील सर्व गोष्टी सोप्या होतात. टीएमपीएफएस स्वतःसाठी मेमरी आधीच राखून ठेवत नाही. फाइलीत मजकूर येईल तशी पाने, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, घेते आणि फाइल पुसली की ती परत देते. 4 जीबी मर्यादेची रिकामी टीएमपीएफएस माउंट करून, म्हणजे एखाद्या डिरेक्टरीला जोडून, ठेवली, तरी ती जवळजवळ काहीच मेमरी खात नाही. मेमरीची चणचण भासू लागली, तर कर्नल तिची पाने स्वॅपमध्ये, म्हणजे सहसा डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, हलवू शकतो.

दुसरा मार्ग रॅमएफएस हा आहे. त्याला आकाराची मर्यादा नाही आणि त्याची पाने स्वॅपमध्ये जात नाहीत. माउंट करताना साइझ हा पर्याय दिला तरी तो कोणतीही तक्रार न करता दुर्लक्षिला जातो, आणि येथेच मोठा धोका आहे: आपण मर्यादा घातली असे आपल्याला वाटते, प्रत्यक्षात ती नसते, आणि चुकीने चालू राहिलेला एखादा प्रोग्राम सगळी मेमरी संपवू शकतो. सर्वसाधारण वापरासाठी रॅमएफएस निवडू नये.

तिसरा मार्ग म्हणजे जुन्या पद्धतीची रॅम डिस्क. बीआरडी हे मॉड्यूल लोड केले की /डेव्ह/रॅम0 असे ब्लॉक उपकरण मिळते आणि त्यावर ईएक्सटी4 सारखी फाइल सिस्टिम घालून ती माउंट करता येते. एखाद्या विशिष्ट फाइल सिस्टिमचे वर्तन तपासायचे असेल, तर ही सोय उपयोगी पडते. एरवी तिच्यात मेमरीचा अपव्यय होतो, कारण उपकरणातील मजकूर पेज कॅशमध्ये पुन्हा नक्कल होऊन येतो आणि फाइली पुसल्या तरी उपकरणाने घेतलेली मेमरी आपोआप मोकळी होतेच असे नाही.

आधी हिशेब, मग माउंट

टीएमपीएफएसला मर्यादा दिली नाही, तर लिनक्स ती मुख्य मेमरीच्या निम्मी धरतो. हा आकडा निरुपद्रवी वाटतो, परंतु तो प्रत्येक माउंटसाठी स्वतंत्रपणे लागू होतो. आजच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवर /रन, /डेव्ह/एसएचएम आणि लॉगिन केलेल्या प्रत्येक वापरकर्त्याची /रन/यूझर खालील डिरेक्टरी या टीएमपीएफएसच असतात, आणि अनेक वितरणांत /टीएमपी देखील असते. त्यात आपण आणखी दोन भर घातल्या, तर या सर्वांच्या मर्यादांची बेरीज यंत्रातील एकूण मेमरीच्या सहज पुढे जाते. सगळ्या एकाच वेळी भरत नाहीत म्हणून सहसा निभावते. भरल्या, तर मात्र निभावत नाही.

त्यासाठी प्रथम आहे त्या स्थितीची पाहणी करावी:

फाइंडएमएनटी -टी टीएमपीएफएस

डीएफ -एच -टी टीएमपीएफएस

फ्री -एच

पहिल्या दोन कमांड कोणत्या टीएमपीएफएस कुठे आहेत आणि त्यांच्या मर्यादा व वापर किती, हे दाखवतात. तिसरी मेमरीची एकूण स्थिती सांगते. यानंतरचा हिशेब नेहमीच्या वापराच्या सरासरीवर नव्हे, तर सर्वाधिक ताणाच्या वेळेवर करावा. समजा यंत्रात 16 जीबी मेमरी आहे आणि सर्वाधिक गर्दीच्या वेळी प्रोसेस मिळून 9 जीबी वापरतात. उरलेल्या 7 जीबीमधून पेज कॅशसाठी निदान 3 जीबी सोडावेत, कारण ती जागा हिरावली की डिस्कवरील इतर सर्व फाइलींचे वाचन मंदावते आणि एका डिरेक्टरीचा वेग वाढवताना बाकी यंत्राचा वेग आपणच कमी केलेला असतो. म्हणजे आधीपासूनच्या टीएमपीएफएसचा प्रत्यक्ष वापर धरून नव्या मांडणीसाठी फार तर 4 जीबी उरतात. एवढ्या जागेत आपले काम बसत नसेल, तर ते मेमरीत न ठेवता डिस्कवर ठेवणेच योग्य.

हिशेब झाल्यावर माउंट पॉइंट म्हणून एक रिकामी डिरेक्टरी तयार करावी आणि तीवर फाइल सिस्टिम चढवावी:

एमकेडीआयआर -पी /एमएनटी/रॅम

माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=512एम,मोड=0700,नोएसयूआयडी,नोडेव्ह टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम

साइझपुढे के, एम किंवा जी हे प्रत्यय चालतात. टक्केवारीही चालते आणि ती मुख्य मेमरीच्या प्रमाणात मोजली जाते. निरनिराळ्या क्षमतेच्या अनेक यंत्रांवर एकच मांडणी न्यायची असेल, तर टक्केवारी सोयीची. अन्यथा निश्चित आकडा लिहिलेला बरा, कारण सहा महिन्यांनी ती ओळ वाचणाऱ्याला तो लगेच समजतो. साइझ=0 याचा अर्थ शून्य जागा असा नसून अमर्याद जागा असा होतो, हे विशेष ध्यानात ठेवावे. मोड हा पर्याय मूळ डिरेक्टरीच्या परवानग्या ठरवतो. तो दिला नाही, तर टीएमपीएफएस 1777 धरते, म्हणजे यंत्रावरील कोणीही तिथे फाइली निर्माण करू शकतो. एखाद्या विशिष्ट सेवेसाठी जागा करायची असेल, तर यूआयडी आणि जीआयडी हे पर्याय देऊन मालकीही त्याच ओळीत ठरवता येते. कमांडमध्ये शेवटच्या मार्गाआधी आलेला टीएमपीएफएस हा शब्द केवळ लेबल आहे. त्याजागी कामाचे नाव लिहिले, तर डीएफच्या यादीत प्रत्येक माउंट ओळखणे सोपे जाते.

रिकाम्या डिरेक्टरीचा आग्रह सकारण आहे. भरलेल्या डिरेक्टरीवर माउंट केले, तर आतील जुन्या फाइली पुसल्या जात नाहीत, पण दिसेनाशा होतात आणि डिस्कवरील जागा अडवून राहतात. असे घडलेच, तर मूळ फाइल सिस्टिम दुसरीकडे बाइंड करून त्या पाहता येतात: माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ असे करावे आणि /एमएनटी/मूळ खाली तोच मार्ग उघडावा. यासाठी /एमएनटी/मूळ ही डिरेक्टरी आधी निर्माण केलेली हवी. तिचे नाव अर्थात आपल्या आवडीचे द्यावे.

मर्यादा खरोखर लागू झाली आहे की नाही, हे अनुमानावर सोडू नये. तिच्यापेक्षा मोठी फाइल लिहून पाहावी:

डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ओएफ=/एमएनटी/रॅम/चाचणी बीएस=1एम काउंट=600

जीएनयू डीडीमध्ये आकड्यानंतरचे एम हे अक्षर मोठे टाइप करावे लागते. 512 एमबी लिहून झाल्यावर उपकरणावर जागा शिल्लक नसल्याचा संदेश येऊन लेखन थांबले, तर मर्यादा काम करते आहे. याच वेळी दुसऱ्या टर्मिनलवर फ्री -एच देऊन मेमरीतला बदल पाहावा आणि नंतर चाचणीची फाइल पुसून मेमरी परत मिळते हेही पाहावे. ट्रंकेट कमांडने केलेली मोठी फाइल या चाचणीस उपयोगी नाही, कारण तिच्यात प्रत्यक्ष मजकूर नसल्यामुळे ती पानेच घेत नाही.

मर्यादा नंतर बदलायची असेल, तर फाइली न हलवता बदलता येते: माउंट -ओ रीमाउंट,साइझ=1जी /एमएनटी/रॅम. वाढवणे केव्हाही शक्य आहे. कमी करताना नवा आकडा सध्याच्या वापरापेक्षा लहान असेल, तर कर्नल नकार देतो आणि फाइली सुरक्षित राहतात.

आयनोडांची मर्यादा

जागा शिल्लक असूनही फाइल निर्माण होत नसेल, तर डीएफ -आय चालवून आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी लागणाऱ्या नोंदी, संपले आहेत का ते पाहावे. कर्नल आयनोडांची संख्या आपण न दिल्यास मेमरीतील पानांच्या निम्मी धरतो. 4 केबीच्या पानांनी 16 जीबी मेमरी मोजली, तर ती सुमारे 20 लाख होते. लहान फाइलींचा ढीग निर्माण करणाऱ्या कामांसाठी एनआर_आयनोड्स हा पर्याय देऊन ती बदलता येते. मात्र अशा कामांत आणखी एक गोष्ट मोजावी लागते. प्रत्येक फाइल किमान एक पूर्ण पान घेते, त्यामुळे 100 बाइटच्या एक लाख फाइलींचा मजकूर जेमतेम 10 एमबी असला, तरी त्या सुमारे 400 एमबी मेमरी व्यापतात. शिवाय आयनोडासाठी लागणारी मेमरी कर्नलची स्वतःची असते आणि ती स्वॅपमध्ये जाऊ शकत नाही.

कायमची नोंद

हाताने केलेले माउंट रीबूटनंतर उरत नाही. ते प्रत्येक वेळी आपोआप व्हावे यासाठी /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत एक ओळ घालावी:

टीएमपीएफएस /एमएनटी/रॅम टीएमपीएफएस साइझ=512एम,मोड=0700,नोएसयूआयडी,नोडेव्ह 0 0

शेवटची दोन शून्ये न लिहिली तरी तीच धरली जातात. या फाइल सिस्टिमचा डंप घ्यायचा नाही आणि सुरू होताना तिची तपासणीही करायची नाही, असे ती सांगतात. ओळ लिहिल्यावर रीबूट करून नशीब आजमावू नये. फाइंडएमएनटी --व्हेरिफाय ही कमांड एफएसटॅबमधील चुका दाखवते, आणि माउंट -ए ने नवी नोंद लगेच अमलात येते. सिस्टिमडी ही सेवा चालवणारी व्यवस्था असलेल्या यंत्रावर यांच्या मध्ये सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड द्यावे, म्हणजे सिस्टिमडीने आधी वाचून ठेवलेली जुनी नोंद बाजूला होते.

/टीएमपीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण ती चालू यंत्रावर कधीच रिकामी नसते. ग्राफिकल सत्र, डेटाबेस आणि इतर सेवा तिथे आपली सॉकेटे ठेवतात. त्यांच्यावर नवी फाइल सिस्टिम चढवली, तर चालू प्रोसेस जुन्या उघडलेल्या फाइली वापरत राहतात आणि नव्या प्रोसेसना त्या सापडत नाहीत. म्हणून /टीएमपीचा बदल नेहमी रीबूटमधूनच करावा. सिस्टिमडीमध्ये त्यासाठी टीएमपी.माउंट हे युनिट तयारच असते. फेडोराने 18 व्या आवृत्तीपासून आणि डेबियनने 2025 मध्ये आलेल्या 13 व्या आवृत्तीपासून /टीएमपी आपणहून टीएमपीएफएसवर ठेवायला सुरुवात केली, आणि तिची मर्यादा मेमरीच्या 50 टक्के असते. ती बदलण्यासाठी सिस्टिमसीटीएल एडिट टीएमपी.माउंट ही कमांड देऊन चौकोनी कंसातील माउंट या शीर्षकाखाली ऑप्शन्स=मोड=1777,नोएसयूआयडी,नोडेव्ह,साइझ=2जी अशी ओळ लिहावी; शीर्षकाचे आणि ऑप्शन्स या शब्दाचे पहिले अक्षर मोठे हवे. ही सोय नकोच असेल, तर सिस्टिमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट करून रीबूट केले की /टीएमपी पुन्हा डिस्कवर येते.

/व्हार/टीएमपीला मात्र हात लावू नये. फाइल सिस्टिमच्या मानक रचनेनुसार तेथील फाइली रीबूटनंतरही टिकणे अपेक्षित आहे आणि अनेक प्रोग्राम त्या भरवशावर लिहिलेले आहेत. मोठी तात्पुरती फाइल लागणाऱ्या प्रोग्रामांना टीएमपीडीआयआर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, जो पूर्णपणे मोठ्या अक्षरांत लिहितात, /व्हार/टीएमपीकडे वळवून देणे हा /टीएमपीची मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा अधिक शहाणपणाचा उपाय आहे.

आणखी एक परिणाम सहसा उशिरा कळतो. काही प्रोग्राम आधी /टीएमपीमध्ये फाइल पूर्ण लिहितात आणि मग नाव बदलून ती अंतिम ठिकाणी नेतात. दोन्ही ठिकाणे एकाच फाइल सिस्टिमवर असतात तोवर हे नामांतर एका क्षणात आणि अखंडपणे होते. /टीएमपी वेगळी झाली की तसे नामांतर शक्यच राहत नाही आणि त्याची जागा नक्कल करून मूळ पुसण्याची क्रिया घेते. आपल्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये अशी पद्धत असेल, तर तात्पुरती फाइल अंतिम डिरेक्टरीतच निर्माण करावी.

नोएसयूआयडी आणि नोडेव्ह हे पर्याय तात्पुरत्या जागेसाठी निःशंकपणे द्यावेत. नोएक्झेक देताना विचार करावा: तो तिथून प्रोग्राम चालवणे थांबवतो, आणि पॅकेजची स्थापना करणारी काही साधने नेमकी /टीएमपीमध्येच स्क्रिप्ट काढून चालवत असल्याने ती मध्येच बंद पडतात.

मेमरी कुठे गेली, हे कसे ओळखावे

टीएमपीएफएसमधील फाइली कोणत्याही प्रोसेसच्या खात्यावर दिसत नाहीत. टॉप किंवा पीएस यांतील सर्व आकड्यांची बेरीज केली तरी हरवलेली मेमरी सापडत नाही. ती फ्रीच्या यादीत शेअर्ड या स्तंभात आणि /प्रॉक/मेमइन्फो मध्ये शमेम या ओळीत असते. शिवाय ती बफ/कॅश या स्तंभातही मोजली जाते, आणि त्या स्तंभातील मेमरी केव्हाही मोकळी होऊ शकते असे मानणारा वाचक येथे फसतो: पेज कॅशमधील पाने टाकून देता येतात, कारण त्यांची प्रत डिस्कवर असते, टीएमपीएफएसच्या पानांची अन्य कुठेही प्रत नसते, त्यामुळे ती एक तर मेमरीत राहतात किंवा स्वॅपमध्ये जातात. अव्हेलेबल हा स्तंभ हा फरक विचारात घेतो, म्हणून निर्णय त्यावरून घ्यावा.

मेमरी पूर्ण संपली की कर्नलचा ओओएम किलर एखादी प्रोसेस बंद करून जागा करू पाहतो. टीएमपीएफएसच्या बाबतीत हा उपाय निष्फळ ठरू शकतो, कारण फाइल लिहिणारी प्रोसेस मारली तरी फाइल तिथेच राहते. एकामागून एक निरपराध प्रोसेस बळी जातात, मेमरी मात्र मोकळी होत नाही, आणि शेवटी यंत्र प्रतिसाद देईनासे होते. मर्यादांची बेरीज आधी करण्याचा आग्रह याच कारणासाठी आहे. थोडे स्वॅप ठेवल्यास हा धोका पुष्कळ कमी होतो, कारण बराच काळ न वाचलेल्या फाइली तिकडे सरकतात. डिस्कवर स्वॅप नको असेल, तर झेडरॅम हा चांगला पर्याय आहे. तो मेमरीतच संकुचित स्वरूपात स्वॅप ठेवतो, आणि मजकूर मुख्यतः अक्षरी असेल तर त्यातून बरीच जागा वाचते.

स्वॅपची दुसरी बाजू गोपनीयतेची आहे. किल्ल्या, पासवर्ड किंवा उलगडलेला गुप्त मजकूर डिस्कवर उमटू नये म्हणून तो टीएमपीएफएसमध्ये ठेवणारे अनेक जण आहेत. पण पाने स्वॅपमध्ये गेली की तो मजकूर डिस्कवर पोहोचलेलाच असतो. लिनक्स 6.4 पासून नोस्वॅप हा माउंटचा पर्याय उपलब्ध आहे आणि अशा कामासाठी लहान मर्यादेसह तोच वापरावा. त्यापूर्वीच्या कर्नलवर स्वॅपच एन्क्रिप्ट केलेले असणे हा योग्य बंदोबस्त होय. यंत्र हायबरनेट होताना मात्र मेमरीतील सर्व मजकूर डिस्कवर उतरतो, आणि त्याला नोस्वॅपने अटकाव होत नाही.

कंटेनरमध्ये, म्हणजे ठरावीक साधने देऊन वेगळ्या ठेवलेल्या प्रोसेसच्या गटात, हाच हिशेब अधिक काटेकोर होतो. तिथे टीएमपीएफएसमध्ये लिहिलेली पाने कंटेनरच्या मेमरी मर्यादेत धरली जातात, म्हणून 512 एमबीच्या कंटेनरात 400 एमबीच्या फाइली ठेवल्या की प्रोग्रामासाठी जेमतेम 112 एमबी उरतात. डॉकरमध्ये --टीएमपीएफएस /कॅश:साइझ=64एम असा पर्याय देता येतो. कंटेनरातील /डेव्ह/एसएचएमचा आकार डॉकर 64 एमबी ठेवतो, आणि शेअर्ड मेमरी भरपूर वापरणारे डेटाबेस व ब्राउझर तिथे अडखळले, तर --शम-साइझ या पर्यायाने तो वाढवावा.

मजकूर टिकवायचा असेल तर

काही वेळा मजकूर मेमरीत हवा असतो आणि यंत्र नीट बंद केल्यावर तो जपलेलाही हवा असतो. सिस्टिमडीमध्ये वनशॉट प्रकारची सेवा लिहून हे साधते: सुरू होताना आरसिंक या नक्कल करणाऱ्या साधनाने डिस्कवरील प्रत मेमरीत आणायची आणि थांबताना उलट दिशेने परत न्यायची, आणि मधल्या काळात सेवा चालू मानली जावी यासाठी रिमेनआफ्टरएक्झिट=येस लिहायचे; त्यातील रिमेन, आफ्टर आणि एक्झिट या तिन्ही शब्दांचे पहिले अक्षर मोठे हवे. परत नेताना --डिलीट हा पर्याय दिल्यास एक गंभीर शक्यता निर्माण होते. मधल्या काळात कोणी माउंट काढून टाकले असेल, तर मेमरीच्या जागी रिकामी डिरेक्टरी असते, आणि आरसिंक त्या रिकाम्या डिरेक्टरीबरहुकूम डिस्कवरील चांगली प्रत पुसून टाकतो. म्हणून आरसिंकच्या आधी माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/रॅम ही कमांड ठेवावी आणि ती यशस्वी झाली तरच पुढे जावे. एवढे करूनही अचानक वीज गेल्यास शेवटच्या नकलेनंतरचे सर्व काही जाते, हे गृहीतच आहे; टायमर लावून दर काही मिनिटांनी नक्कल घेतली, तर नुकसानीचा काळ तेवढा आखूड होतो.

एसडी कार्ड वाचवण्यासाठी संपूर्ण /व्हार/लॉग मेमरीत नेण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तिच्यात अडचणी आहेत. सेवांना लागणाऱ्या उपडिरेक्टरी प्रत्येक रीबूटनंतर नाहीशा होतात, आणि त्या नसल्या तर काही सेवा सुरूच होत नाहीत; त्यांच्यासाठी /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये नोंदी कराव्या लागतात. त्यापेक्षा जर्नलडीच्या मांडणीत स्टोरेज=व्होलाटाइल लिहावे, ज्यात स्टोरेजचे पहिले अक्षर मोठे असते. त्यामुळे जर्नल /रन/लॉग/जर्नलमध्ये, म्हणजे मेमरीतच, राहते आणि बाकीची व्यवस्था अबाधित राहते. ज्या यंत्राचा बिघाड नंतर शोधावा लागण्याची शक्यता आहे, तिथे मात्र लॉग मेमरीत ठेवू नयेत. यंत्र कोसळण्याच्या आधीच्या शेवटच्या ओळीच सर्वांत मोलाच्या असतात आणि नेमक्या त्याच हरवतात.

बीएसडी आणि मॅकओएस

बीएसडी परंपरेत या कल्पनेने वेगळी वाट घेतली. मार्शल कर्क मॅकक्युसिक, मायकेल कॅरल्स आणि कीथ बॉस्टिक यांनी 1990 साली युजनिक्सच्या परिषदेत मांडलेल्या एमएफएसमध्ये नेहमीची बीएसडी फाइल सिस्टिम एका प्रोसेसच्या मेमरीत उभी केली जाते, आणि त्या प्रोसेसची पाने इतर प्रोसेसप्रमाणेच स्वॅपमध्ये जाऊ शकतात. ओपनबीएसडीमध्ये आजही हाच मार्ग आहे. तिथे टीएमपीएफएस 6.0 या आवृत्तीपासून बंद केली गेली. त्यासाठी एफएसटॅबमधील ओळ अशी असते:

स्वॅप /टीएमपी एमएफएस आरडब्ल्यू,नोडेव्ह,नोएसयूआयडी,-एस=300एम 0 0

फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी यांच्यात टीएमपीएफएस आहे. फ्रीबीएसडीवर लिनक्ससारखीच ओळ चालते, परंतु एक फरक महत्त्वाचा आहे: आकार दिला नाही, तर तिथे मर्यादा निम्म्या मेमरीची नसून मुख्य मेमरी आणि स्वॅप मिळून जेवढी जागा उपलब्ध असेल तेवढी असते. त्यामुळे फ्रीबीएसडीवर साइझ न लिहिता टीएमपीएफएस कधीही माउंट करू नये. खरे ब्लॉक उपकरणच हवे असेल, तर एमडीकॉन्फिग -ए -टी स्वॅप -एस 512एम -यू 1 ने ते निर्माण करावे, न्यूएफएस -यू /डेव्ह/एमडी1 ने त्यावर फाइल सिस्टिम घालावी आणि मग माउंट करावे. न्यूएफएसच्या पर्यायातील यू हे अक्षर मोठे आहे. येथे स्वॅप प्रकारच निवडावा, कारण मॅलॉक प्रकारची डिस्क कर्नलच्या मेमरीतून जागा घेते आणि ती संपल्यास संपूर्ण यंत्र कोसळू शकते.

मॅकओएसवर एचडीआययूटिल अटॅच -नोमाउंट रॅम://2097152 ही कमांड 1 जीबीचे उपकरण देते, कारण तिथला आकडा 512 बाइटच्या सेक्टरांत मोजलेला असतो. कमांडने छापलेले उपकरणाचे नाव घेऊन डिस्कयूटिल इरेजव्हॉल्यूमने त्यावर फाइल सिस्टिम घालावी. उपकरणाचे नाव दोनदा तपासावे. ही कमांड चुकीच्या डिस्कवर दिली तर ती खरी डिस्कही पुसते.

काढून टाकताना

काम संपल्यावर यूमाउंट /एमएनटी/रॅम दिले की फाइल सिस्टिम आणि तिच्यातील सर्व मजकूर कोणताही प्रश्न न विचारता जातो, म्हणून हवे ते आधी डिस्कवर हलवावे. जागा वापरात असल्याचा संदेश आला, तर फ्यूझर -व्हीएम /एमएनटी/रॅम कोणत्या प्रोसेस ती धरून बसल्या आहेत ते दाखवतो. त्या रीतसर थांबवाव्यात. यूमाउंट -एल ने माउंट दिसेनासे होते खरे, पण शेवटची प्रोसेस फाइल बंद करीपर्यंत मेमरी मोकळी होत नाही आणि मधल्या काळात ती डीएफमध्येही दिसत नाही. पुसलेल्या, परंतु अजून उघड्या असलेल्या फाइलींचेही तसेच आहे: एलएस त्यांना दाखवत नाही आणि डीयू मोजत नाही, तरी त्यांची पाने अडकलेली राहतात. माउंट जागेवर असताना डीएफ आणि डीयू यांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर एलएसओएफ +एल1 चालवावे, ज्यात एल हे अक्षर मोठे असते. त्या यादीतील प्रोसेस पुन्हा सुरू केली की अडकलेली मेमरी परत मिळते.